वाळूज ते शेंद्रा: शहर बससेवेकडून काय मिळाले, काय मिळायला हवे

छत्रपती संभाजीनगरमध्ये २०१९ च्या जानेवारीत ‘माझी स्मार्ट बस’ रस्त्यावर आली तेव्हा या शहराला बऱ्याच वर्षांनी आपली म्हणता येईल अशी शहर बससेवा मिळाली. त्याआधी शहरातल्या फेऱ्या बहुतांश काळ एसटी महामंडळ चालवत असे. मध्यंतरी महापालिकेने ‘एएमटी’ या नावाने खासगी कंत्राटदारामार्फत सेवा चालवून पाहिली, पण ती टिकली नाही. उरलेली पोकळी रिक्षांनी भरून काढली आणि सिडको ते रेल्वे स्टेशन किंवा बाबा पेट्रोल पंप ते वाळूजजवळचे पंढरपूर असा प्रवास म्हणजे तिघांच्या जागेत पाच-सहा जणांनी दाटीवाटीने बसायचे, हे लोकांनी गृहीत धरले. अशा शहरात स्मार्ट सिटी अभियानातून शंभर नव्या गाड्या येणे ही मोठी घटना होती. या सेवेचे परीक्षण करताना गाडी, आसने आणि तिकीट यांबद्दल लिहायला हवेच, पण ती सुधारायची तर कोणते काम आधी आणि कोणते नंतर करावे, याबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचे आहे. गाड्या चांगल्या असूनही कामावर जाणारा माणूस सकाळी दुचाकीच बाहेर काढतो, याचे उत्तर तिथेच सापडते.

आधी जमेची बाजू. मी सिडकोत राहते आणि जालना रोडवरून माझे नेहमीचे जाणे-येणे असते, त्यामुळे रिक्षा आणि बस या दोन्हींची तुलना मला अनुभवाने करता येते. शेअर रिक्षात भाडे किती, आणखी किती सीट घेणार, नेमके कुठे उतरवणार, हे सगळे प्रत्येक वेळी नव्याने ठरते. बसमध्ये ते आधीच ठरलेले असते आणि छापील तिकीट हातात येते. एकट्या मुलीला, गुडघे दुखणाऱ्या आजींना, दप्तर सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला या ठरलेपणाचे मोल फार असते. बाहेरगावाहून येणाऱ्यांना तर ते आणखीच असते. घाटी रुग्णालयात बीड, जालना, हिंगोलीकडून रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक येतात, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारखेसाठी पक्षकार येतात, विद्यापीठात मुले येतात. या लोकांना शहराचे रस्ते ठाऊक नसतात आणि रिक्षाच्या भाड्यात घासाघीस करण्याची ताकदही नसते. मध्यवर्ती बसस्थानकात उतरल्यावर शहराचे नाव लिहिलेली, ठरल्या मार्गाने जाणारी बस दिसणे हा त्यांच्यासाठी मोठा दिलासा असतो. या कसोटीवर सेवेला मी चांगले गुण देईन.

पण शहर बसची दुसरी आणि अधिक कठोर कसोटी वाट पाहण्याची आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी सेवापातळीचे निकष घालून दिले आहेत. त्यानुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा त्याहून अधिक बस असतील तर ती पहिली पातळी आणि ०.२ पेक्षा कमी असतील तर ती चौथी, म्हणजे शेवटची. प्रवाशाला सरासरी चार मिनिटांपर्यंत थांबावे लागत असेल तर सेवा पहिल्या पातळीची, दहा मिनिटांहून जास्त थांबावे लागत असेल तर शेवटच्या. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या ११ लाख ७५ हजार होती. शंभर बसला या संख्येने भागले तर हजारी ०.०८५ येते. शेवटच्या पातळीतून केवळ बाहेर पडायचे म्हटले तरी २३५ गाड्या लागतील, पहिल्या पातळीसाठी सातशेच्या वर. हा हिशेब जुन्या जनगणनेवरचा आहे आणि त्यानंतर सातारा परिसर, बीड बायपास, हर्सूल, मुकुंदवाडी या सगळ्या बाजूंनी शहर वाढले आहे. थोडक्यात, ही सेवा सुरू झाली तेव्हाच गाड्यांची संख्या शहराच्या गरजेच्या मानाने फार अपुरी होती, आणि इतक्या कमी गाड्यांत काय साधायचे हा निवड करण्याचा प्रश्न होता.

निवड दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे प्रत्येक वसाहतीला, प्रत्येक वॉर्डाला थोडी थोडी बस द्यायची. मार्गांची यादी लांब होते, नकाशा भरलेला दिसतो आणि कोणाचीही तक्रार ‘आमच्याकडे बसच नाही’ अशी राहत नाही. मात्र प्रत्येक मार्गावर दोन फेऱ्यांमधले अंतर इतके वाढते की घड्याळ लावून कामाला जाणारा माणूस तिच्यावर विसंबू शकत नाही. दुसरा प्रकार म्हणजे जिथे सर्वाधिक लोक जातात त्या एका-दोन रस्त्यांवर इतक्या दाट फेऱ्या द्यायच्या की वेळापत्रक पाहण्याची गरजच उरू नये, आणि बाकीच्या भागांना त्या रस्त्यापर्यंत आणून सोडणाऱ्या छोट्या फेऱ्या ठेवायच्या. माझे ठाम मत दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. पहिल्या प्रकारात अन्याय होत नाही असे वाटते, पण तासाभराने येणारी बस दारासमोरून गेली तरी ती नोकरीला किंवा शिकवणीला जाणाऱ्याच्या उपयोगाची नसते, आणि पाच-सात मिनिटे चालून गेल्यावर दहा मिनिटांत मिळणारी बस उपयोगाची असते.

आपल्या शहराचा आकारही या मताला पोषक आहे. पश्चिमेला वाळूज, मध्ये छावणी, बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक, पुढे मुकुंदवाडी, चिकलठाणा, विमानतळ आणि पूर्वेला शेंद्रा, म्हणजे दोन्ही टोकांना औद्योगिक वसाहती, असा शहराचा कणा जवळजवळ सरळ रेषेत पसरला आहे. ही लांबी २८ किलोमीटर धरू. गर्दीच्या वेळी बसचा सरासरी वेग ताशी १६ किलोमीटर धरला तर एका बाजूला १०५ मिनिटे लागतील. जाऊन येऊन २१० मिनिटे आणि दोन्ही टोकांना मिळून अर्ध्या तासाची विश्रांती धरली तर एक बस चार तासांनी पुन्हा त्याच जागी येईल. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर या एका मार्गाला २४ गाड्या पुरतात. शंभरातल्या काही गाड्या रोज आगारात दुरुस्तीला असणार हे गृहीत धरले तरी बाकी शहरासाठी साठ-पासष्ट गाड्या उरतात. म्हणजे नवी खरेदी होण्याची वाट न पाहताही कण्यावर विश्वासार्ह सेवा उभी करता येते. आता या हिशेबातला वेग तेवढा बदलून पाहा. सरासरी ताशी २१ किलोमीटर झाली तर एका बाजूला ८० मिनिटे लागतील, पूर्ण फेरी १९० मिनिटांत होईल आणि त्याच दहा मिनिटांच्या अंतरासाठी १९ गाड्या पुरतील. रस्त्यावर बसला थोडी मोकळी वाट दिली तर पाच गाड्या, त्यांचे चालक आणि त्यांचे इंधन फुकटात मिळाल्यासारखे आहे. शहर बसच्या चर्चेत गाड्या किती घेणार हे सगळे विचारतात, त्या किती वेगाने धावणार हे फारसे कोणी विचारत नाही.

याला जोडून नियमितपणाचा मुद्दा येतो. दर पंधरा मिनिटांनी नेमाने बस येत असेल तर थांब्यावर केव्हाही पोहोचणाऱ्या प्रवाशाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते. त्याच मार्गावर तेवढ्याच फेऱ्या असूनही दोन बस एकापाठोपाठ आल्या आणि पुढची जोडी अर्ध्या तासाने आली, तर सरासरी प्रतीक्षा पंधरा मिनिटांवर जाते. कागदावर फेऱ्या पूर्ण होतात, खर्चही तेवढाच होतो, प्रवाशाच्या वाट्याला मात्र दुप्पट प्रतीक्षा येते. असे घडते कारण पुढची बस थोडी जरी उशिरा झाली की तिच्या थांब्यांवर गर्दी साचते, चढ-उतारात ती आणखी मागे पडते आणि मागची जवळजवळ रिकामी बस तिला गाठते. जगभरच्या शहरांत हा अनुभव आहे. गाड्यांवर जीपीएस असेल तर नियंत्रण कक्षातून मागच्या बसला एखाद्या मोठ्या थांब्यावर दोन-तीन मिनिटे थांबवून हे अंतर सावरता येते. म्हणून सेवेचा अहवाल लिहिताना ‘किती किलोमीटर धावलो’ यापेक्षा ‘दोन फेऱ्यांमधले अंतर किती वेळा पाळले’ हा आकडा प्रसिद्ध व्हावा, असे मला मनापासून वाटते.

आता उड्डाणपुलांकडे येते, कारण या शहरात वाहतूक सुधारणा म्हणजे उड्डाणपूल असेच समीकरण रूढ झाले आहे. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको, महावीर चौक असे पूल जालना रोडवर उभे राहिले आणि चारचाकीने सरळ जाणाऱ्याचे चौकातले थांबणे कमी झाले, हे खरे आहे. परंतु शहर बसचा प्रवासी पुलावर नसतो. तो क्रांती चौकात, मोंढा नाक्याला, सेव्हन हिल्सला पुलाखाली उभा असतो, कारण बाजार, दवाखाने, शिकवण्या आणि बाजूच्या वसाहतींचे रस्ते खालीच आहेत. त्याला घेण्यासाठी बसला खालच्या रस्त्याने यावे लागते, आणि पुलाच्या खांबांनी व उतारांनी अरुंद झालेल्या त्याच रस्त्यावर वळणारी वाहने, उभ्या रिक्षा आणि हातगाडे यांच्यातून वाट काढावी लागते. अशा प्रकारे दोन-तीन माणसे घेऊन जाणाऱ्या मोटारीला वरची मोकळी वाट मिळाली आणि पन्नास माणसांच्या बसला खालची अडचणीची. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या हालचालीचा विचार करा असे सांगितले होते; जालना रोडवर त्याच्या नेमके उलट झाले आहे. वाळूज ते शेंद्रा सलग उड्डाणपूल आणि त्याला जोडून मेट्रो, ही कल्पना गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा चर्चेत येते. मेट्रोला माझा विरोध नाही. पण ती होईपर्यंत जी वर्षे जातील त्यांत लोकांनी बसनेच जायचे आहे, आणि ती झाल्यावरही स्थानकापर्यंत आणणारी बस नसेल तर स्थानके ओस पडतील. आधी याच मार्गावर दाट बस चालवून प्रवाशांची सवय आणि खरी संख्या तयार करावी, म्हणजे मेट्रोचा आराखडाही अंदाजाऐवजी अनुभवावर उभा राहील.

बससाठी सबंध रस्ताभर स्वतंत्र मार्गिका हवीच, असे मी म्हणणार नाही. अहमदाबादची जनमार्ग सेवा २००९ पासून चालू आहे, तर दिल्लीची मार्गिका काढून टाकावी लागली. चौकांची आखणी, मार्गिकेत शिरणाऱ्या वाहनांवरची कारवाई आणि फेऱ्यांची दाटी या तिन्ही गोष्टी जुळल्या नाहीत तर रिकामी दिसणारी मार्गिका लोकांच्या रोषाला कारण होते. आपल्याकडे सुरुवात लहान गोष्टींनी करता येईल. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांपुरती रस्त्याची डावी कड बससाठी मोकळी ठेवावी. थांबे सिग्नलच्या अलीकडे न ठेवता पलीकडे ठेवावेत, म्हणजे प्रवासी चढेपर्यंत सिग्नल पुन्हा लाल होऊन बस दोनदा अडकणार नाही. आणि थांब्याच्या पुढे-मागे काही अंतर रिक्षा उभ्या राहणार नाहीत अशी सोय करावी.

इथे रिक्षाचालकांबद्दल थोडे बोलले पाहिजे. बस आली की रिक्षावाल्यांचे पोट मारले जाईल, ही भीती खोटी नाही आणि ती दडपून कोणतीही योजना यशस्वी होणार नाही. ज्या काळात शहराला बस नव्हती त्या काळात याच लोकांनी शहर चालते ठेवले. जालना रोडवर बसशी स्पर्धा करण्यापेक्षा गारखेडा, पुंडलिकनगर, टीव्ही सेंटर, सातारा परिसर या वसाहतींतून मुख्य रस्त्यावरच्या थांब्यापर्यंत प्रवासी आणण्याचे काम त्यांना नियमित मिळाले, त्यासाठी थांब्यालगत पक्के रिक्षातळ आणि ठरलेले भाडे मिळाले, तर छोट्या अंतराच्या जास्त फेऱ्यांतून त्यांची कमाई टिकू शकते. गुलमंडी, शहागंज, सिटी चौक या जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत आणि मकई गेट, महेमूद गेट यांसारख्या ऐतिहासिक दरवाजांपाशी मोठी बस नेणे मुळातच योग्य नाही. तिथे लहान गाडी किंवा रिक्षा हेच उत्तर आहे, आणि त्या दरवाजांच्या जतनासाठीही ते बरे.

वाळूजची गोष्ट वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. १९८५ मध्ये तिथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याभोवती पुरवठादारांचे जाळे वाढले आणि बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी या गावांची दाट वस्ती झाली. ही वस्ती महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिथला कामगार पाळीने कामाला जातो. मोठ्या कंपन्या आपल्या लोकांसाठी कंत्राटी बस लावतात, पण कंत्राटी आणि रोजंदारी कामगारांना ती सोय सहसा मिळत नाही आणि लहान कारखान्यांना ती परवडत नाही. रात्री उशिरा सुटणारी दुसरी पाळी ही बसच्या वेळापत्रकाची खरी परीक्षा आहे, कारण त्या वेळी रिक्षा दुप्पट भाडे मागते आणि स्त्री कामगारांपुढे तर मोठाच पेच असतो. औद्योगिक संघटना, महापालिका आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांनी एकत्र बसून पाळ्या सुटण्याच्या वेळेला धरून फेऱ्या आखल्या आणि कंपन्यांनी आपल्या कंत्राटी बसवरचा काही खर्च पासच्या रूपाने शहर बसकडे वळवला, तर दोन्हींचे भले होईल. पुण्यात २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या पुणे व पिंपरी-चिंचवडच्या वेगवेगळ्या शहर बससेवांचे विलीनीकरण होऊन एक महामंडळ झाले, त्यामागे प्रवासी हद्द पाहून प्रवास करत नाही हाच विचार होता. आपल्याकडे वाळूज, शहर आणि शेंद्रा मिळून एकच वाहतूक यंत्रणा होण्याची गरज त्याहून कमी नाही.

या प्रदेशाला अशा एकत्रित विचाराचा वारसाही आहे. १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपला रस्ते वाहतूक विभाग सुरू केला आणि २७ बस घेऊन सरकारी प्रवासी वाहतुकीचा प्रारंभ केला. रेल्वे आणि बस एकाच संस्थेच्या हाती होत्या. आज रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची, शहर बस शहराची आणि त्या तिघांची वेळापत्रके एकमेकांकडे पाहत नाहीत. मनमाड ते काचीगुडा हा लोहमार्ग शहराच्या कण्याला समांतर जातो आणि त्यावर दौलताबाद, मुख्य स्थानक, मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड अशी स्थानके आहेत. ३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. दुसरा मार्ग झाल्यावर जालना ते दौलताबाद सकाळ-संध्याकाळ साध्या डब्यांची गाडी चालवण्याची मागणी आतापासून लावून धरली पाहिजे, कारण काम पूर्ण झाल्यावर मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या ती मोकळी जागा लगेच व्यापतील. मुकुंदवाडी आणि चिकलठाणा स्थानकांबाहेर शहर बसला वळायला जागा राखून ठेवणे हे त्यातले सर्वांत स्वस्त आणि आजच करण्याजोगे काम आहे.

सेवेच्या सातत्याबद्दलही लिहिले पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने ती थांबली. चालक आणि वाहक एसटीचे असल्यामुळे २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाचा फटकाही तिला बसला. बससेवा एकदा खंडित झाली की प्रवासी हप्त्याने दुचाकी घेतो, आणि हप्ता सुरू झाल्यावर तो बसकडे सहजासहजी परत येत नाही. म्हणून मनुष्यबळ आणि पैसा या दोन्हींची हमी हा तांत्रिक मुद्दा नसून सेवेचा प्राण आहे. गाड्या स्मार्ट सिटी अभियानातून आल्या, ते अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. खरेदीला अनुदान मिळते, चालवण्याचा रोजचा तोटा मात्र शहराने सोसायचा असतो, आणि तिकिटातून सगळा खर्च भरून निघावा ही अपेक्षा रस्ते किंवा पथदिव्यांकडून आपण कधी करत नाही. बसच्या तुटीसाठी महापालिकेच्या अर्थसंकल्पात दरवर्षी स्वतंत्र आणि आधी जाहीर केलेली तरतूद असावी. वाहनतळाचे शुल्क आणि मुख्य रस्त्यालगत वाढीव बांधकामावरचे अधिमूल्य यातला ठरावीक हिस्सा तिला जोडता येईल.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेतून देशभरात दहा हजार विजेच्या बस येणार आहेत आणि त्या चालवण्यासाठी दहा वर्षे केंद्राचे साहाय्य मिळणार आहे. तीन लाखांवरच्या शहरांसाठी असलेल्या या योजनेच्या निकषात मराठवाड्यातली छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि परभणी ही चार शहरे बसतात. २०११ च्या जनगणनेत जालना २ लाख ८५ हजारांवर होते, म्हणून ते मागे राहते, जरी आता तिथे महापालिका झाली असली तरी. या शहरांनी छत्रपती संभाजीनगरच्या अनुभवातून घ्यायचे ते एवढेच, की गाड्या येण्याआधी आगार, चार्जिंग, चालकांचे करार आणि मुख्य एक-दोन मार्ग ठरलेले असावेत.

आणि आपल्या शहरापुरते पाहिले तर सर्वांत निकडीचे काम पैठण रस्त्यावर आहे. बिडकीनमध्ये ऑरिक या नव्या औद्योगिक शहराच्या दुसऱ्या टप्प्यात मोठे वाहन उद्योग येत आहेत. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाशी करार करताना सुमारे वीस हजार कोटींची गुंतवणूक आणि आठ हजार थेट रोजगार जाहीर केले. वाळूजला कारखाने आधी आले, वस्ती नंतर वाढली आणि बस सर्वांत शेवटी आली. बिडकीनला कारखान्यांची बांधकामे चालू असतानाच रेल्वे स्टेशन ते बिडकीन या मार्गावर थांब्यांच्या जागा, गाड्या वळवायचे ठिकाण आणि छोट्या आगारासाठी भूखंड राखून ठेवला, तर पहिल्या पाळीचा पहिला कामगार बसने कामावर जाऊ शकेल. विकास प्राधिकरणाने हे आरक्षण या वर्षीच्या आराखड्यातच दाखवावे, अशी माझी मागणी आहे.